बुधवारी ऑफिसचं नेट का बसतं, आणि लोकल अपडेट सर्व्हर त्यावर काय करतो

महिन्यातला दुसरा मंगळवार गेला की बुधवारी सकाळी ऑफिसचं नेट बसतं, हे बडोद्यात ज्यांच्याकडे वीस-पंचवीसच्या वर कॉम्प्युटर आहेत त्यांनी बहुतेक सगळ्यांनी बघितलंय, फक्त त्याचा मंगळवारशी काही संबंध असेल असं पुष्कळांच्या डोक्यात येत नाही. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून आपले सिक्युरिटी अपडेट ठरवून दुसऱ्या मंगळवारी सोडतं, तिकडच्या पॅसिफिक टाइमने सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहा आणि थंडीत साडेअकरा. त्या वेळी ऑफिसातली मशिनं बंद असतात. बुधवारी सकाळी सगळे येतात, सगळी मशिनं पंधरा मिनिटांत चालू होतात आणि प्रत्येक मशीन आपापलं बाहेर जाऊन फाईल मागायला लागतं. एकच फाईल! ऐंशी मशिनं असतील तर तीच फाईल ऐंशी वेळा त्याच एका लाईनवरून आत येते.

आणि तारखा अशा पडतात की विचारू नका. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ च्या मध्ये येतो आणि जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) महिन्याची तारीख ११. जून २०२५ मध्ये मंगळवार १० ला होता, म्हणजे बुधवार बरोबर ११. अशा दिवशी दांडिया बाजारातल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात पोर्टल नुसतं फिरत राहिलं की सगळे पोर्टललाच बोल लावतात, पण कधीकधी आपलीच लाईन आपल्याच अपडेटांनी भरलेली असते. त्याच वर्षी जानेवारीतला दुसरा मंगळवार होता १४ तारीख, उत्तरायण. १५ ला वासी उत्तरायण, मकरपुरा जीआयडीसीत कोण कॉम्प्युटर उघडणार, सगळी मशिनं थेट गुरुवारी १६ ला एकदम जागी होणार.

मग शेठ म्हणतात, "भाई, आ अपडेट बंध करी नाखो ने." आणि कोणीतरी सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करून टाकतं. नेट सुटतं, सगळे खूश, आणि ती सर्व्हिस परत चालू करायची कोणाच्याच लक्षात राहत नाही. मला हा सगळा लेख लिहावासा वाटला तो ह्या एका गोष्टीसाठी. शेठची तक्रार खरी आहे, काम अडतंय हे खोटं नाही, पण इलाज अपडेट बंद करणं हा नाही, इलाज ती फाईल एकदाच आत आणणं हा आहे.

बंद केल्याने काय होतं ते २०१७ साली जगाने बघितलं. विंडोजच्या फाईल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारा पॅच १४ मार्चला आला होता, आणि त्याच भोकातून शिरणारं वॉनाक्राय, फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारं, १२ मेला सुटलं. मधे जवळपास दोन महिने. दोन लाखांच्या वर कॉम्प्युटर, दीडशेच्या आसपास देश, ब्रिटनमध्ये तर सरकारी हॉस्पिटलांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. ज्यांनी तो पॅच टाकला होता त्यांच्या मशिनांत ते त्या भोकातून शिरू शकलं नाही, आणि पॅच न टाकलेलं एकही मशीन ऑफिसात राहिलं असेल तर ते आत शिरून शेजारच्या मशिनांवर स्वतःहून उड्या मारत होतं.

आता जरा हिशेब करू, कारण आकडे बघितल्याशिवाय ह्यातला फरक कळत नाही. ऐंशी मशिनं, प्रत्येकाला १ जीबीचं अपडेट धरा, झाले ८० जीबी. लाईन ५० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट. दुसरं कोणीही काहीही न करता पूर्ण लाईन अपडेटलाच दिली तरी साडेतीन तास लागतात, आणि प्रत्यक्षात मेल चालू, व्हॉट्सॲप वेब चालू, क्लाउडवरची टॅली चालू, म्हणजे अर्धा दिवस गेला. तेच १ जीबी एकदाच आणलं तर पावणेतीन मिनिटं. पुढचं वाटप ऑफिसच्या आतल्या वायरींवरून होतं, आणि ती वायर आणि स्विच (सगळ्या वायरी जिथे जोडतात तो डबा) गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे असतील तर ८० जीबी कागदावर अकरा मिनिटांत जातात, प्रत्यक्षात वीस-पंचवीस धरा. इथे एक गोष्ट बघून घ्या, पुष्कळ जुन्या ऑफिसांत कुठल्यातरी टेबलाखाली अजून १०० एमबीपीएसचा स्विच पडलेला असतो, तो मधे आला तर हेच काम पावणेदोन तासांवर जातं आणि मग लोक म्हणतात सर्व्हर लावून काही फरक पडला नाही.

तर हा लोकल अपडेट सर्व्हर, म्हणजे लोकल प्रॉक्सी, म्हणजे काय. सोसायटीतल्या ऐंशी घरांनी ऐंशी वेळा बूथवर जायच्या ऐवजी एकाने जाऊन बरोडा डेअरीच्या दुधाच्या पिशव्यांचा क्रेट आणायचा आणि दारोदार वाटायचा, इतकंच आहे ते. ऑफिसात एक मशीन ठेवायचं, बाकीच्या मशिनांना सांगायचं की अपडेट मागायचं तर ह्याच्याकडे माग. पहिल्यांदा कोणी फाईल मागितली की हा बाहेरून आणतो, मागणाऱ्याला देतो आणि एक कॉपी स्वतःच्या डिस्कवर ठेवतो. दुसऱ्याने तीच मागितली की बाहेर जायचंच नाही, डिस्कवरून द्यायची. साठवलेल्या मालाला कॅशे म्हणतात, सापडली तर हिट, नाही सापडली तर मिस. पिशवीला डेअरीचं सील असतं हे पण लक्षात ठेवा, कारण आणणाऱ्याने मधे काही मिसळलं नाही हे त्या सीलवरून कळतं, आणि अपडेटच्या बाबतीत हे सील फार महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे मी खाली येतो.

आता प्रकार. सगळ्यात सोपा प्रकार विंडोजमध्ये आधीच बसवलेला आहे आणि त्याला सर्व्हर लागतच नाही, त्याचं नाव डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. एका मशिनाने फाईल आणली की शेजारचं मशीन त्याचे तुकडे त्याच्याकडूनच घेतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आहे, तिथे फक्त लोकल नेटवर्कवरची मशिनं हा पर्याय निवडायचा, इंटरनेटवरची नाही, नाहीतर तुमची लाईन जगाला वाटण्यात जाईल. प्रो व्हर्जनवर हा सहसा चालूच असतो पण ऑफिसच्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलने पोर्ट ७६८० (ज्या नंबरच्या दारातून हे तुकडे येतात-जातात ते) अडवलेला असतो, किंवा वायफायच्या राउटरवर एका मशिनाला दुसरं दिसू न देणारी सेटिंग असते, आणि मग हे गुपचूप निकामी होऊन बसतं. तिथेच ॲक्टिव्हिटी मॉनिटर नावाचं पान आहे, किती टक्के माल शेजाऱ्यांकडून आला ते त्यावर दिसतं. तिथे शून्य असेल तर आधी हे नीट करा. दहा-बारा मशिनांच्या ऑफिसाला माझ्या मते एवढं पुरेसं आहे, सर्व्हरवर खर्च करू नका.

मॅक असतील, डिझाइनवाल्यांच्या ऑफिसात असतात, तर एक मॅक कायम चालू ठेवून त्याच्या शेअरिंग सेटिंगमध्ये कंटेंट कॅशिंग चालू करायचं, २०१७ च्या हाय सिएरा व्हर्जनपासून ते मॅकमध्येच आहे आणि त्याच नेटवर्कवरच्या आयफोनचे अपडेटसुद्धा त्यातून जातात. लिनक्सच्या उबुंटू-डेबियनवाल्यांसाठी असाच कॅशे म्हणजे अॅप्ट-कॅशर-एनजी, पोर्ट ३१४२, बसवायला दहा मिनिटं, आणि माझ्या बघण्यात ह्या सगळ्या प्रकारांत सगळ्यात कमी कटकटीची चीज तीच.

विंडोजची मोठी ऑफिसं डब्ल्यूसस वापरतात, म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस. हा नुसता कॅशे नाही, इथे माणूस बसून ठरवतो की कुठलं अपडेट कुठल्या ग्रुपला द्यायचं, आणि कुठल्या मशिनाला काय मिळालं, काय राहिलं ते एका स्क्रीनवर दिसतं. ही स्क्रीन मला बँडविड्थच्या बचतीपेक्षा मोठी वाटते. ऐंशीतली चार मशिनं तीन महिने मागे आहेत हे नाहीतर कळणार कसं? बसवताना मात्र जपून, सगळ्या प्रॉडक्टांवर आणि सगळ्या भाषांवर टिक केलं, वर ड्रायव्हर्सवर टिक केलं, की डिस्क भरायला वेळ लागत नाही. जेवढं ऑफिसात आहे तेवढंच निवडा, जुन्या झालेल्या अपडेटांना डिक्लाइन करत जा, आणि कन्सोल सारखी कनेक्शन एरर देऊन पडत असेल तर आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर) डब्ल्यूससच्या पूलची मेमरी लिमिट बघा, ती मुळात जेमतेम १.८ जीबी असते आणि मशिनं वाढली की पुरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलंय की डब्ल्यूससमध्ये आता नवीन काही येणार नाही, सपोर्ट चालू राहील. ज्यांचं चालू आहे त्यांनी घाबरून उपटायची गरज नाही, पण आज कोरं काही उभं करायचं असेल तर मी आधी दुसरे पर्याय बघेन.

आणि सगळ्यात जुना म्हणजे स्क्विड, सर्वसाधारण प्रॉक्सी, पोर्ट ३१२८. लोक उत्साहाने बसवतात आणि दोन महिन्यांनी म्हणतात बिल तेवढंच आणि लाईन तशीच. कारण बसवल्या बसवल्या स्क्विड डिस्कवर काही साठवतच नाही, थोडंसं मेमरीत ठेवतो, आणि डिस्क दिली तरी ४ एमबीपेक्षा मोठी फाईल ठेवायची नाही असं त्याचं मुळातलं सेटिंग आहे. अपडेटच्या फाईली शेकड्यांनी एमबीच्या! म्हणजे ज्यासाठी आणला तेच तो सोडून देतो. डिस्कची जागा नेमून द्यायची, फाईलची मर्यादा दोन-चार जीबीवर न्यायची. अजून एक खोच आहे, विंडोज फाईल सलग मागत नाही, तुकड्या-तुकड्याने मागतं, आणि स्क्विड तुकडे साठवत नाही, त्याला सांगावं लागतं की तुकडा मागितला तरी पूर्ण फाईल आण. पण हे सांगितलं आणि त्याच क्षणी तीस मशिनांनी मागितलं तर फाईल अजून पूर्ण यायचीय तोवर तो तीच फाईल परत परत आणायला जाऊ शकतो. म्हणून एक मशीन मंगळवारी रात्री चालू ठेवा, त्याच्याकडून अपडेट करवून घ्या, सकाळपर्यंत कॅशे भरलेला असेल.

आता सील. प्रश्न साधा आहे, मधल्या ह्या मशिनाने, किंवा त्यात घुसलेल्या कोणी, फाईल बदलली तर? उबुंटूत काय होतं बघा. एक यादी असते, तिच्यावर उबुंटूवाल्यांची डिजिटल सही असते, त्या यादीत पुढच्या याद्यांचे हॅश आणि त्यात प्रत्येक पॅकेजचा, म्हणजे प्रोग्रामच्या फाईलीचा, हॅश. हॅश म्हणजे फाईलचा ठसा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तुमचं मशीन सही तपासतं, मग ठसे जुळवतं, नाही जुळले तर हॅश सम मिसमॅच म्हणून थांबतं. म्हणून हा माल साध्या, न झाकलेल्या एचटीटीपीवरून आला तरी चालतो, आणि एचटीटीपीवरून येतो म्हणूनच प्रॉक्सीला तो साठवता येतो. एचटीटीपीएस असतं तर प्रॉक्सीला फक्त बंद नळी दिसते, आत काय चाललंय ते दिसत नाही, साठवणार काय? काही लोक ती नळी फोडून बघायची सोय करतात, ऑफिसचं स्वतःचं सर्टिफिकेट प्रत्येक मशिनात घालून. अपडेटसाठी हे करू नका, बरेच अपडेट प्रोग्राम अनोळखी सर्टिफिकेट बघितलं की सरळ नकार देतात, आणि सुरक्षेसाठी जे उभं करतोय त्यातच आपण भोक पाडतो.

सीलवरही डोळे मिटून भरवसा नको. २०१५ च्या ब्लॅक हॅट परिषदेत दोघा संशोधकांनी दाखवलं की डब्ल्यूसस साध्या एचटीटीपीवर चालत असेल तर नेटवर्कमधला माणूस मधेच खोटं अपडेट सरकवू शकतो. फाईल मायक्रोसॉफ्टच्या सहीचीच असते, खरीखुरी, पण ती कशी चालवायची ह्याच्या सूचना बदललेल्या. मुळात डब्ल्यूसस पोर्ट ८५३० वर एचटीटीपीनेच बसतं, ते ८५३१ वर एचटीटीपीएसला न्यायचं काम आपल्याला करावं लागतं, आणि पुष्कळ जण ते करत नाहीत.

मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळीच आहे, शिळा माल. अपडेटमध्ये दोन जातीच्या फाईली असतात. एक पॅकेजची, जिच्या नावातच व्हर्जन असतं, ती कधी बदलत नाही, नवीन आलं तर नवीन नावाने येतं, ती वर्षभर ठेवली तरी हरकत नाही. दुसरी यादीची, नाव तेच राहतं आणि आतला मजकूर दिवसातून चार वेळा बदलतो, आज काय नवीन आलंय ते सांगणारी. प्रॉक्सीने ही दुसरी फाईल जुनी धरून ठेवली तर मशीन विचारतं नवीन काय, प्रॉक्सी कालची यादी देतो, मशीन म्हणतं माझ्याकडे हे सगळं आहे, आणि हिरवी टिक लावतं. ऐंशीच्या ऐंशी मशिनांवर हिरवी टिक आणि अँटिव्हायरसच्या व्याख्या (नवे व्हायरस ओळखायच्या खुणा) दहा दिवसांच्या जुन्या! एरर आली असती तर कोणीतरी फोन तरी केला असता, इथे सगळं छान दिसतं म्हणून कोणी बघतच नाही. अॅप्ट-कॅशर-एनजीला हा फरक आपोआप कळतो, बहुतेक बिझनेस अँटिव्हायरसच्या स्वतःच्या लोकल अपडेट सर्व्हरलाही कळतो, म्हणून अँटिव्हायरससाठी त्याच कंपनीने दिलेली सोय वापरा. स्क्विडला मात्र स्वतः शिकवावं लागतं, कुठली जात किती वेळ ठेवायची. आणि दर सोमवारी कुठल्याही दोन मशिनांवर जाऊन टिक बघू नका, व्याख्यांची तारीख बघा.

लॅपटॉपवाले विसरायचे नाहीत. सेटिंगमध्ये १९२.१६८ वाला ऑफिसातल्या प्रॉक्सीचा पत्ता पक्का लिहून टाकला आणि सेल्सचा मुलगा लॅपटॉप घेऊन आठ दिवस भरूच-अंकलेश्वरला गेला, तर त्याचं मशीन त्या पत्त्याला हाका मारत बसतं, तो सापडत नाही आणि अपडेट होत नाही. ज्या मशिनाला हॉटेलच्या वायफायवर सगळ्यात जास्त धोका, तेच उघडं. म्हणून प्रॉक्सी सापडला नाही तर थेट बाहेर जा, ही सोय चालूच ठेवायची. उबुंटूत त्यासाठी प्रॉक्सी आहे का ते आधी तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावता येते. टेबलावरच्या डेस्कटॉपना ही सोय द्यायची का, तर मी म्हणेन द्या, एक दिवस लाईन बसली तरी चालेल.

एकदा वाटप आपल्या हातात आलं की अजून एक करता येतं, सगळ्यांना एकदम न देता आधी चार-पाच मशिनांना द्यायचं. त्यात अकाउंट्सचं टॅलीवालं एक घ्या, प्रिंटर शेअर केलेलं एक घ्या, डिझाइनचं एक घ्या, सगळी आयटीवाल्याची स्वतःची नकोत. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरचं (विंडोजमधला छपाई सांभाळणारा भाग) भोक बुजवणाऱ्या पॅचांनंतर कितीतरी ठिकाणी नेटवर्क प्रिंटर अडले होते, ते पाच मशिनांवर कळणं आणि ऐंशींवर कळणं ह्यात फार फरक आहे. दोन-तीन दिवस थांबा, मग बाकीच्यांना द्या. दोन-तीन दिवस म्हणतोय, दोन-तीन महिने नाही! आणि हे फक्त आपल्या हातातून जाणाऱ्या अपडेटांनाच लागू होतं हेही समजून घ्या, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी कंपनीची जी फाईल जगभरातल्या ८५ लाख विंडोज मशिनांना घेऊन बसली, ती कंपनीकडून थेट मशिनांत उतरली होती, ग्राहकांनी लावलेल्या टप्प्यांना ती विचारतच नव्हती.

मधलं हे मशीन स्वतःसुद्धा एक कॉम्प्युटर आहे आणि ते सगळ्यांना वाटणारं आहे, म्हणून त्याला सगळ्यात आधी अपडेट पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूससमध्येच एक भोक सापडलं, पासवर्ड न लागता बाहेरच्याला सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येईल असं, गंभीरता दहापैकी ९.८. त्या महिन्याच्या मंगळवारचा पॅच अपुरा पडला आणि तातडीचा दुसरा २३ तारखेला सोडला. २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. अर्धं बडोदं लाभ पाचमपर्यंत बंद, आणि हल्ले लगेच सुरू झाले होते. त्यातून वाचायला महागडं काही लागत नव्हतं, ८५३० आणि ८५३१ बाहेरच्या जगाला उघडे नसले की बाहेरून कोणाला तिथपर्यंत पोचताच येत नव्हतं. तीच गोष्ट स्क्विडची, ३१२८ बाहेर उघडा राहिला तर चार दिवसांत अनोळखी लोक तुमच्या लाईनवरून उद्योग करायला लागतात आणि नाव तुमच्या आयपीचं येतं. फक्त ऑफिसच्या आतल्या पत्त्यांना परवानगी, बाकी सगळ्यांना बंद.

मशीन फार भारी लागत नाही. स्क्विड किंवा अॅप्ट-कॅशरला जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी आणि गिगाबिट पोर्ट, झालं. डब्ल्यूससला १६ जीबी द्या, डिस्क एक टीबी. यूपीएसवर ठेवा, आणि तळमजल्यावर ठेवू नका, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी समा-अकोट्याकडे कुठपर्यंत आलं होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. कॅशेचा बॅकअप घ्यायची गरज नाही, तो रिकामा झाला तर परत भरतो. बॅकअप घ्यायचा तो सेटिंगच्या फाईलींचा आणि डब्ल्यूससच्या डेटाबेसचा, म्हणजे कुठले ग्रुप, कुणाला काय अप्रूव्ह केलं ते.

सुरुवात करताना आधी एक महिना काहीच बसवू नका, राउटरवर बुधवारचा ट्रॅफिक बघा, किती जीबी कुठे जातायत. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आणि पोर्ट ७६८० नीट करून पुढच्या बुधवारी परत बघा, पुष्कळांचं काम इथेच होतं. नाही झालं, किंवा कोण मागे राहिलंय ते बघायची स्क्रीन हवी असेल, तर सर्व्हर. आणि जाता जाता मशिनांची यादी काढाल तेव्हा विंडोज १० वाली वेगळी काढा, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, एक्स्टेंडेड अपडेटची नोंदणी केली नसेल तर त्यांच्यासाठी मंगळवारी काही येतच नाही, आणि जे येत नाही ते कुठलाही प्रॉक्सी वाटू शकत नाही.